पहिला मोजा: टाचेला न घाबरता

मराठवाड्यातली थंडी जेमतेम दोन महिन्यांची, पण असते तेव्हा पायातून चढते. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी काही हिवाळ्यांत आपण वाचलेली आहे. सकाळी शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून चहा टाकणाऱ्या बाईला ती बातमी वाचायचीही गरज नसते. बाजारात मिळणारे नायलॉनचे मोजे ऊब कमी देतात आणि घाम जास्त आणतात. त्यात टाचांना भेगा असल्या तर दोनच रात्रींत धागे ओढले जातात.

गंमत अशी की घरोघरी विणकाम येणाऱ्या बायका आहेत. कुणी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेल्या, कुणी बाळंतविड्यातली टोपडी विणता विणता. पण मोठ्या माणसाच्या मोज्याला यांतल्या बहुतेकजणी हात लावत नाहीत. कारण विचारलं तर एकच उत्तर येतं: टाच. ती वळवायची कशी? खरं सांगायचं तर टाच म्हणजे दहा ओळींची मोजणी. सुलट, उलट आणि दोन टाके एकत्र विणणं एवढं येत असेल तर ती येतेच.

दुसरं असं की, शिकायचं तर आधी बाळाचा मोजा विण, लहान असतो, पटकन होतो, असं जो तो सांगतो. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. बाळाच्या मोज्याचा घेर इतका लहान की चार सुया एकमेकींत अडकतात. त्यात लोकर बारीक, टाके दिसत नाहीत आणि चूक झाली तरी कळत नाही. पहिला मोजा मोठ्या पायाचा, जाड लोकरीचा आणि फिक्या रंगाचा विणावा. काळी किंवा गडद निळी लोकर तर अजिबात घेऊ नये, रात्री दिव्याखाली त्यात काहीच दिसत नाही.

लोकर आणि तिची परीक्षा

लातूरची गंजगोलाई असो, संभाजीनगरचं गुलमंडी असो की तालुक्याचं जनरल स्टोअर, आपल्याकडे "लोकर" म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही. स्वस्त असतं, रंग भरपूर, धुवायला सोपं. शिकण्यासाठी ते चालतं. पण पैसे खऱ्या लोकरीचे मोजणार असाल तर परीक्षा करून घ्या. दुकानदार म्हणणारच, "घ्या की मावशी, एकदम प्युअर हाय." त्याच्याकडून बोटभर धागा मागून घ्या, घरी चिमट्यात धरा आणि परातीवर पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की आपणच विझते आणि मागे चुरगळणारी काळी राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, पेटत राहतं, आणि टोकाला काळा टणक मणी बसतो. तो मणी गरम असताना बोट लावू नका, चिकटतो.

मोज्यासाठी सगळ्यांत टिकाऊ म्हणजे तीन भाग लोकर आणि एक भाग नायलॉन असं मिश्रण. टाच आणि चवडा यांच्यावर घासणं फार असतं, ते नायलॉन सोसतं. जगभर मोज्यांची लोकर याच मापाची विकली जाते. ती बारीक असते, १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० मीटर, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या जोडीसाठी ठेवा. पहिल्या जोडीला "डबल निट" जाडीची, म्हणजे याहून जाड, लोकर मागा. बाईच्या मापाच्या घोट्याच्या वरपर्यंतच्या जोडीला १०० ग्रॅम पुरते. दोन गुंडे घेतलेत तर पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा, नाहीतर एक मोजा किंचित निराळ्या रंगाचा होईल.

आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर का नको, असं कुणी विचारेल. ती राठ आणि केसाळ असते. घोंगडीला तीच हवी, ऊनपाऊस झेलते. पण पायाच्या कातडीला ती टोचते.

सुया

मोज्याला दोन्ही बाजूंनी टोकं असलेल्या आखूड सुया लागतात. संच कधी चारचा येतो, कधी पाचचा. पाचचाच घ्या. चार सुयांवर टाके चौकोनात बसतात आणि पाचवीने विणायचं. पुढचं सगळं गणित मी त्यावरच मांडलं आहे. नंबर १० ची सुई मागा, म्हणजे ३.२५ मिलिमीटर. आपल्याकडे जुनी नंबरपद्धत चालते, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ११ म्हणजे ३ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५. नवीन मुली इथे हमखास फसतात. लाकडाची किंवा बांबूची सुई मिळाली तर उत्तम, टाके निसटत नाहीत. स्टीलच्या सुया गुळगुळीत असतात, हात बसेपर्यंत एखादी सुई रिकामी होऊन खाली पडल्याचा आवाज येतो. पूर्वी काही घरांत सायकलच्या जुन्या तारा घासून सुया करत. हुन्नर झकास, पण त्या फार बारीक पडतात.

शिवाय एक बोथट टोकाची जाड शिवणाची सुई, शिंप्याचा टेप, खुणेसाठी वेगळ्या रंगाचा दोरा आणि एक वही. वही विसरू नका, दुसऱ्या मोज्याला तीच लागते.

माप

दोनच मापं घ्यायची. चवड्याचा घेर, म्हणजे बोटांच्या मुळाशी जिथे पाऊल सगळ्यांत रुंद आहे तिथला. आणि पावलाची लांबी, टाचेच्या मागच्या कडेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत. माप उभं राहून घ्या, बसलेल्या पायाचं माप कमी भरतं. जोडवी घालत असाल तर तीही असू द्या, कारण मोजा त्यांच्यावरूनच चढणार आहे.

विणलेला मोजा पायापेक्षा थोडा लहानच हवा, घेराला साधारण दहा टक्के आणि लांबीला एक सेंटिमीटर. ताणून बसला तरच तो जागेवर राहतो, नाहीतर तळव्याखाली सुरकुत्या गोळा होतात. नंबर १० च्या सुईवर या लोकरीचे दहा सेंटिमीटरला २४ टाके यावेत. मग ४८ टाक्यांचा घेर २० सेंटिमीटर होतो आणि तो २२ सेंटिमीटरच्या चवड्याला नीट बसतो. आधी तळहाताएवढा तुकडा विणून टाके मोजा. कमी-जास्त येत असतील तर टाक्यांची संख्या बदलू नका, सुई बदला. रुंद पायालाही हाच उपाय. आयुष्यभर चपलेत वावरलेले पाय पुढून पसरट असतात. चवडा २४ सेंटिमीटर भरला तर नंबर ९ घ्या, टाके ४८ च ठेवा. पहिल्या वेळी टाचेचं गणित हलवायचं नाही, एवढाच हेतू.

सुरुवात

सुमारे मीटरभर दोरा सोडून अंगठ्यावरच्या रीतीने ४९ टाके घाला. दोन सुया एकत्र धरून त्यांवर घातलेत तर कड सैल येते, मग एक सुई ओढून घ्या. कड घट्ट झाली तर मोजा टाचेवरून चढत नाही, आणि तो दोष मागाहून सुधारता येत नाही.

टाके चार सुयांवर बारा-बारा वाटा, शेवटच्या सुईवर तेरा येतील. सुया टेबलावर चौकोनात ठेवा आणि टाक्यांची गाठाळ कड सगळीकडून आतल्या बाजूला आहे ना ते बघा. एके ठिकाणी जरी पीळ पडला तरी पुढचं सगळं विणकाम पिळलेलं निघतं. आता शेवटचा जास्तीचा टाका पहिल्या सुईवर सरकवा आणि तो व पहिला टाका मिळून एक सुलट विणा. ४८ झाले, गोल जुळला.

दोन सुलट, दोन उलट असं विणत पाच सेंटिमीटर पट्टी करा, साधारण १६ फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत हातात काटेरी झुडूप धरल्यासारखं वाटेल. मग कापड तयार होतं आणि सुया आपोआप सावरतात.

एका सुईवरून दुसरीवर जाताना तिथे जाळीसारखी उभी रेघ पडते. बहुतेकजणी पहिला टाका ओढतात. त्यापेक्षा प्रत्येक सुईवरचा दुसरा टाका विणताना दोरा किंचित ओढा, रेघ जाते.

पट्टी झाली की नुसतं सुलट विणत राहा. गोलात उलट ओळ लागत नाही, हे मोज्याचं खरं सुख. वरपासून १४-१५ सेंटिमीटर झालं की थांबा. किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहा.

टाच

टाचेचे तीन भाग: मागची पट्टी, वळण आणि बाजूचे टाके. पट्टी आणि वळण फक्त अर्ध्या टाक्यांवर होतं. पहिल्या दोन सुयांवरचे २४ टाके एका सुईवर घ्या. बाकीचे २४ दोन सुयांवर तसेच राहू द्या, ते पावलाची वरची बाजू आहेत. त्यांना आत्ता हात लावायचा नाही.

पट्टीची सुलट ओळ: एक टाका न विणता सरकवा, एक सुलट विणा, असं शेवटपर्यंत. फिरा, म्हणजे विणकाम उलटवून दुसऱ्या बाजूने विणायला घ्या. उलट ओळ: पहिला टाका सरकवा, बाकी सगळे उलट. या दोन ओळी बारा वेळा, म्हणजे २४ ओळी. सरकवलेल्या टाक्यांमुळे कापड दुपट्टी जाड होतं, आणि टाच घासते तिथे तेच हवं असतं. दोन्ही कडांना साखळीसारखे बारा-बारा मोठे टाके दिसू लागतील. ते नीट दिसतात ना ते बघा, पुढे त्यांच्यातूनच टाके उचलायचे आहेत.

आता वळण. त्याला दोन घटी, म्हणजे टाके कमी करायच्या दोन रीती, लागतात. उजवी घट सोपी: दोन टाके एकत्र सुलट. डावी घट अशी: दोन टाके एकेक करून, सुलट विणणार असल्यासारखे, उजव्या सुईवर सरकवा. मग डाव्या सुईचं टोक त्या दोघांच्या पुढून घाला आणि दोन्ही मिळून विणा. खालच्या ओळींत "घट" म्हणजे सुलट ओळीला डावी घट आणि उलट ओळीला दोन टाके एकत्र उलट.

ओळ १: १४ सुलट, घट, १ सुलट. सात टाके उरतील. तसेच सोडून फिरा.
ओळ २: १ सरकवा, ५ उलट, घट, १ उलट. इकडेही सात उरतील. फिरा.
ओळ ३: १ सरकवा, ६ सुलट, घट, १ सुलट, फिरा.
ओळ ४: १ सरकवा, ७ उलट, घट, १ उलट, फिरा.
ओळ ५: १ सरकवा, ८ सुलट, घट, १ सुलट, फिरा.
ओळ ६: १ सरकवा, ९ उलट, घट, १ उलट, फिरा.
ओळ ७: १ सरकवा, १० सुलट, घट, १ सुलट, फिरा.
ओळ ८: १ सरकवा, ११ उलट, घट, १ उलट, फिरा.
ओळ ९: १ सरकवा, १२ सुलट, घट, फिरा.
ओळ १०: १ सरकवा, १२ उलट, घट, फिरा.

सुईवर १४ टाके उरले म्हणजे टाच वळली.

विणताना आकडे पाठ करायची गरज नाही, सुईकडे बघा. अर्ध्यातून फिरलात त्या जागी दोन टाक्यांमध्ये फट दिसते. प्रत्येक ओळीत त्या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक टाका मिळून घट करायची, पुढचा एक विणायचा आणि फिरायचं. मधेच फोन आला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, तरी परत आल्यावर फट शोधली की कुठे आहोत ते कळतं. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत कापड सपाटच वाटतं आणि काहीतरी चुकलं अशी शंका येते. उसवू नका. सहाव्या-सातव्या ओळीला मध्यभागी खोलगटपणा येतो आणि बोट घातलं तर बोटाला टाच लागते.

बाजूचे टाके

७ टाके सुलट विणा, इथे खुणेचा दोरा अडकवा. हीच आता फेरीची सुरुवात, तळव्याच्या मधोमध. दुसऱ्या सुईने पुढचे ७ विणा आणि त्याच सुईने पट्टीच्या कडेवरच्या बारा साखळी-टाक्यांतून एकेक टाका उचला. कोपऱ्यात, पट्टी आणि वरची बाजू मिळते तिथे, तेरावा उचला. तो न उचलल्यास तिथे भोक पडतं. वरच्या बाजूचे २४ टाके त्यांच्या दोन सुयांवर विणा. मग मोकळ्या सुईने दुसऱ्या कडेवर कोपऱ्यापासून सुरुवात करून १३ उचला आणि खुणेपर्यंतचे ७ विणा. मोजा: २०, १२, १२, २०. एकूण ६४.

आता हे जास्तीचे १६ टाके हळूहळू घालवायचे. एक फेरी घटीची: पहिल्या सुईवर शेवटचे तीन राहीपर्यंत सुलट, उजवी घट, १ सुलट. मधल्या दोन सुया साध्या. चौथ्या सुईवर १ सुलट, डावी घट, बाकी सुलट. दुसरी फेरी सगळी साधी. असं आठ वेळा केलं की प्रत्येक सुईवर पुन्हा १२. घोट्याखाली दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा उतरलेल्या दिसतील.

पाऊल आणि बोटं

पुढे नुसतं गोल सुलट. टाचेच्या मागच्या कडेपासून माप घेत राहा. पाऊल २३ सेंटिमीटरचं असेल तर मोजा २२ चा करायचा. बोटांकडच्या भागाला साडेचार सेंटिमीटर लागतात, म्हणून साडेसतरावर थांबायचं. पाय हाताशी असेल तर घालूनच बघा. करंगळी पूर्ण झाकली गेली की घटी सुरू करायची वेळ झाली.

घटीची फेरी: पहिली सुई, शेवटचे तीन राहीपर्यंत सुलट, उजवी घट, १ सुलट. दुसरी सुई, १ सुलट, डावी घट, बाकी सुलट. तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. एक फेरी घटीची, एक साधी, असं २४ टाके उरेपर्यंत. मग लागोपाठ दोन फेऱ्या घटीच्या. १६ उरले.

पहिल्या सुईवरचे चार विणून दोरा कडेला आणा. तळव्याचे ८ एका सुईवर, वरचे ८ दुसरीवर, दोन्ही समांतर. दोरा दोन हात सोडून कापा आणि शिवणाच्या सुईत ओवा. पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात उलट विणायच्या दिशेने सुई घाला, टाका सोडू नका. मागच्या सुईच्या पहिल्यात सुलटच्या दिशेने घाला, सोडू नका. ही झाली तयारी. आता पुन्हा पुन्हा एवढंच: पुढच्या सुईवर सुलट घालून सोडा, तिच्यावरच्याच नंतरच्या टाक्यात उलट घालून ठेवा, मागच्या सुईवर उलट घालून सोडा, तिच्यावरच्याच नंतरच्या टाक्यात सुलट घालून ठेवा. तोंडाने पुटपुटत करा. कुणाशी बोलत करायचं काम नाही हे. जुळणी दिसेनाशी होते आणि बोटांना शिवण टोचत नाही. या जोडणीला ब्रिटिश सेनापती लॉर्ड किचनर यांचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे विणण्याची मोहीम निघाली होती, तेव्हापासूनचं ते. अगदीच जमत नसेल तर मोजा उलटा करून तीन सुयांनी टाके बंद करा. बारीकशी कड राहील, पण अंथरुणात घालायच्या मोज्याला चालून जातं.

आतली दोऱ्याची टोकं किमान चार बोटं लांब ओवून लपवा. जोडव्याची कड सैल टोकात अडकली की सगळी घट खेचली जाते.

अंगठा वेगळा असलेला, चपलेत घालता येणारा मोजा हवा असेल तर तो दुसऱ्या जोडीला करा. त्यात डावा-उजवा निरनिराळा विणावा लागतो. कल्पना मात्र आजची नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेला लाल लोकरीचा मोजा आहे, अंदाजे इसवी सन २५० ते ४२० मधला. त्याला अंगठ्याची खोबण वेगळी आहे, कारण तो सँडलमध्ये घालायचा होता. तो आपल्यासारखा पाच सुयांवरचा नाही, एकाच सुईने दोरा ओवत केलेला आहे.

दुसरा मोजा, धुणं, रफू

पहिला संपला त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके घाला, निदान पट्टीच्या चार फेऱ्या तरी. एकच मोजा विणून थांबलेल्या बायका मी कमी पाहिलेल्या नाहीत. डावा-उजवा फरक नाही, वहीतले आकडे जसेच्या तसे वापरा. पहिल्या मोज्यात हात घट्ट असतो, दुसऱ्यापर्यंत सैलावतो, म्हणून दुसरा थोडा मोठा वाटला तर नवल नाही. धुतल्यावर बराचसा फरक जातो.

खऱ्या लोकरीचे मोजे बंबाच्या कढत पाण्यात घालू नका आणि दगडावर आपटू नका. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आटून नमद्यासारखी होते, मग तो मोजा नातवाच्याच मापाचा. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, त्यात साबणाच्या वडीचा फेस होत नाही आणि चिकट थर लोकरीत बसून ती कडक होते. त्यापेक्षा थंड पाण्यात चमचाभर शाम्पू घाला, दहा मिनिटं बुडवून ठेवा, हलकं दाबा, दोनदा खळबळा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवे पसरा. दोरीवर टांगले तर ओल्या वजनाने लांबतात.

उरलेली लोकर टाकू नका. आधी टाचेखालचा भाग विरळ होतो. उजेडासमोर धरून बघा. भोक पडायच्या आतच, आत एखादा वापरून झालेला गोल बल्ब घालून, त्याच लोकरीने उभे-आडवे धागे ओवा. भोक पडल्यावर तेच काम तिप्पट होतं.